दारातल्या भूर्जाची साक्ष

नेस्टा हॅवर्ड सतराव्या वर्षी गावच्या एनॅमलच्या कारखान्यात लागली आणि पुढची चोवीस वर्षं पातेली पांढऱ्या रंगात बुचकळत राहिली. १९९१ च्या हिवाळ्यात कारखान्याला टाळं लागलं. मागं उरले यंत्रांचे खोलवर गाडलेले काँक्रीटचे पाये आणि मातीत मुरलेलं शिसं. ते शिसं पावसाबरोबर उतारावरच्या घरांकडे, नेस्टाच्याही परसात, यायचं. ‘या मातीतलं काही खाऊ नका,’ अशी कौन्सिलची चिठ्ठीच आली. लीक ही कांद्याच्या जातीची भाजी म्हणजे वेल्सची शान, आणि वेल्समधल्या बाईला स्वतःच्या परसातला लीक खाता येऊ नये, याला काय म्हणावं? तेव्हापासून ती नुसती डेलियाची फुलं लावायची आणि मनातून त्यांच्यावर चरफडायची.

आता एका घरबांधणी कंपनीनं शिसं उपसून घरं बांधायला ती जागा घेतली होती. पडीक जागा साफ करणाऱ्या कंपनीला सरकार सवलत देतं: शंभर पौंड खर्चले तर कर आकारताना दीडशे धरतं. मात्र जागा १९९८ च्या एप्रिलआधीपासून ओसाड हवी. सवलत नसेल तर आम्ही आल्या वाटेनं परत जाऊ, असं कंपनीनं सांगून टाकलं होतं. आणि घोडं अडलं ते एका कागदावर. जुन्या मालकानं २००१ साली कारखान्याची शेड एका ट्रकवाल्याला भाड्यानं दिल्याचा करार निघाला, म्हणजे कागदोपत्री जागा तेव्हा वापरात होती.

“अहो, एक ट्रक फिरकला नाही तिथं!” नेस्टा कंपनीच्या प्रॉसरबाईंवर उखडली. “माझं घर समोर आहे. मी काय आंधळी आहे?”

“माझा विश्वास आहे हो. पण तुमचे डोळे अर्जाला कसे जोडू?”

नेस्टानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना थेट शेडपाशी नेलं. आत जायला दार एकच, आणि त्याच्या ऐन मध्यावर, काँक्रीट फोडून, भूर्जाचं एक पांढऱ्याशुभ्र सालीचं झाड उभं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रॉसरबाई पुन्हा आल्या, आणि शेजारचा इद्वलही. सारा जन्म जंगलखात्यात गेलेला माणूस. त्यानं बुंध्याशी पोकळ गिरमिट फिरवलं आणि पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर काढली.

“नेस्टा, तुला असं भोक पाडलं तर काय निघेल गं?”

“चहा. गप मोज.”

कांडीवरची एक रेषा म्हणजे झाडाचं एक वर्ष; अठ्ठ्याण्णवपर्यंत मागं जायला सत्तावीस रेषा हव्या होत्या. पंचवीसला इद्वल थांबला, चष्मा पुसायला. नेस्टाला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

“एकतीस! चौऱ्याण्णवचा जन्म आहे याचा.”

“हे मात्र जोडता येईल,” प्रॉसरबाई हळूच म्हणाल्या.

नेस्टानं कांडी तळहातावर घेतली. तिची आई गेली ते वर्ष त्यात होतं, बर्फानं वाट बुजली ते वर्ष होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तरी या मुक्या जिवानं एकही वर्ष गाळलं नव्हतं. तिला भरून आलं. चर्चमध्ये कधी जोडले नसतील इतक्या भक्तीनं तिनं हात जोडले.

फेब्रुवारीत सवलत मंजूर झाली. मार्चमध्ये मुकादम आला आणि त्यानं सगळ्यात आधी भूर्जाच्या बुंध्यावर लाल फुली मारली.

“मुळं काँक्रीटच्या पायात शिरलीत. हा पडल्याशिवाय काही हलत नाही,” तो म्हणाला.

हे नेस्टाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं झाडाच्या सालीवर हात ठेवला.

“तुला रे काय पडलं होतं,” ती म्हणाली, “खरं बोलायचं?”