एक जूनच्या पोरी

आमच्या आत्यासमोर वय चोरून दाखवील असा माणूस अख्ख्या नागपुरात जन्मला नाही, आणि जन्मला असलाच तर तो तिच्याच हातावर जन्मला असणार. सदरकडच्या एका प्रसूतिगृहात ती तीस वर्षं नर्स होती. माणसांची नावं ती विसरायची, चेहरे विसरायची, पण कोण कधी आणि किती वाजता जगात आलं हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. वस्तीत ती कोणाला नावाने हाक मारतच नसे. पानठेल्यावाला ‘तान्ह्या पोळ्याचा’, शिंप्याची सून ‘संक्रांतीची’, आणि मी ‘दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यातली’, म्हणजे छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर जो पहिला उन्हाळा आला त्यातली, मेची अठ्ठावीस तारीख. सिटी बसमध्ये एखादी बाई घोडनवऱ्याएवढं पोर मांडीवर घेऊन ते तीन वर्षांचं आहे म्हणू लागली, की मागच्या सीटवरून आत्या कंडक्टरला त्या पोराचा महिना सांगायची. एका लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी मुलगी वीस वर्षांची सांगितली, तर पोहे खाता खाता आत्याने ती बावीस केली, आणि वर मुलीच्या आईलाच आठवण करून दिली की त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली होती, रस्ता बंद होता आणि तू रिक्षात केवढी ओरडत होतीस. लग्न मोडता मोडता राहिलं. त्या घरातून आम्हाला पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही, आणि आत्याला त्याचं काडीचंही वाटलं नाही. “जन्म झाला तवा झाला,” ती म्हणायची. “त्यात दुसऱ्याचं काय काम?”

आता जे सांगणार आहे त्याने आजही माझं डोकं तापतं. आमच्या शाळेचा नियम असा होता की जूनच्या पहिल्या तारखेला ज्याला पाच वर्षं पूर्ण त्याला पहिलीत घ्यायचं. वस्तीतल्या किती आईबापांना पोराची तारीख ठाऊक असणार? दाखला काढायला कोण कामावर खाडा करणार? पोरगी सहा-सात वर्षांची झाली, घरात धिंगाणा घालायला लागली, की तिला हेडमास्तरांपुढे नेऊन उभी करायची. हेडमास्तर चष्मा वर करून एकदा बघायचे आणि नियमात बसेल अशी तारीख टाकून मोकळे व्हायचे, बरोबर पाच वर्षांपूर्वीची एक जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी एक जूनच्या होत्या. मला मात्र आत्याने स्वतः हाताला धरून शाळेत नेलं. एक जूनला मला पाच पूर्ण होऊन जेमतेम चार दिवस होत होते, तेवढ्यावर तिने हेडमास्तरांशी तासभर हुज्जत घातली, स्वतःच्या हाताने भरलेल्या रजिस्टरचा हवाला दिला आणि मला पहिलीत बसवून विजयी मुद्रेने घरी आली. भाची हुशार आहे, तिचं वर्ष कशाला वाया जाऊ द्यायचं, हे तिचं म्हणणं. अशी मी खऱ्याखुऱ्या अठ्ठावीस मेची, वर्गातली सगळ्यात धाकटी, ज्यांच्या खांद्यालाही मी लागत नसे अशा पोरींच्या रांगेत टोकाला.

गल्लीत पकडापकडी खेळताना मी कोणाच्या हाती लागत नसे. पळायला मला फार आवडायचं, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे कोणी ते खरं मानलं नाही. शाळेच्या वार्षिक खेळांत मी दरवर्षी शेवटची यायची. पहिलीत रडू आलं, दुसरीत आलं, तिसरीत यायचं थांबलं. चौथीत मी स्वतःच म्हणू लागले की मला पळता येत नाही. खो-खोच्या संघात नाव घ्यायची वेळ आली की पीटीचे मास्तर माझ्यावरून नजर पुढे सरकवायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, ही भित्री आहे, हिच्यात जिद्दच नाही. मेल्या माणसा, अकरा वर्षांची पोरगी तेरा वर्षांच्या पोरींबरोबर उभी करतोस आणि जिद्द मोजतोस? हे मी तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत होते, आणि मला वाटत होतं, मास्तर म्हणतात ते खरंच असेल.

सातवीत असताना मास्तरांचं हे भित्रीचं वाक्य कोणीतरी आत्याच्या कानावर घातलं. खेळांच्या दिवशी सकाळी ती रातपाळी संपवून तशीच पांढऱ्या साडीत मैदानावर आली. शंभर मीटरला आम्ही उभ्या होतो, मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती. आत्या फक्कीच्या रेषा तुडवत मध्ये शिरली आणि एकेका पोरीसमोर थांबून तिचा जन्म सांगू लागली. ही पंचावन्नच्या दिवाळीची, पायाळू होती. ही छप्पनच्या होळीची, हिच्या बापाने पेढ्याऐवजी चिवडा वाटला. आठ पोरींत माझ्या वयाच्या आसपासची एकही निघाली नाही. मास्तरांनी शांतपणे रजिस्टर मागवलं, बघितलं आणि म्हणाले, “बाई, कागदावर तर तुमचीच मुलगी या सगळ्यांत मोठी आहे. चार दिवसांनी.” मैदान हसलं. शिक्षक हसले, पालक हसले, पायाळूसुद्धा हसली. आत्या हटली नाही. माझ्या भाचीला सहावीच्या पोरींबरोबर पळवा, तिचं खरं वय तिथं आहे, म्हणून अडून बसली. शेवटी ब्याद टळावी म्हणून मास्तर हो म्हणाले.

आणि मी पळाले नाही.

सहावीच्या रांगेत मला उभं केलं, शिट्टी वाजली, सगळ्या गेल्या, मी तिथेच राहिले. सगळ्या शाळेसमोर मला खालच्या वर्गात ढकललं म्हणून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि त्या रागाच्या खाली एक घाणेरडी भीती होती की इथेही शेवटची आले तर काय. आत्या रेषेजवळ उभी होती. घरी जाताना मी तिच्याशी बोलले नाही, पुढचे चार महिने बोलले नाही. धावण्याच्या रेषेवर मी परत कधी उभी राहिले नाही.

याला सतरा-अठरा वर्षं झाल्यावर आत्याने अंथरूण धरलं. मी बघायला गेले तर कण्हत पडलेली, पण नवीन सलाइनवाल्या पोराचा महिना विचारून घेतलेला. मध्येच तिने तो विषय काढला, जसं काही ते कालच घडलं होतं.

“सहावीत पहिली आली ते पोरगी आठवते काय तुले? नऊ जूनची. तुयापेक्षा बारा दिवसांनी लहान. तिलेही जन्मताना मीच धरलं होतं.”

मी म्हटलं, “आत्या, मी पळायला पाहिजे होतं.”

“तू काहून पळशीन वं?” ती एकदम चिडली. “साहा वर्षं शेवटी आलेली पोरगी काहून पळन? तुयात काही कमी नव्हतं. मीच तुले लवकर नेली. चार दिवसांसाठी भांडली मी, अन् साऱ्या वस्तीले सांगत फिरली.”

इतकी वर्षं मी मास्तरांवर दात खात होते, आणि त्या पांढऱ्या साडीतल्या बाईवरही, आणि ती मात्र एवढी सगळी वर्षं स्वतःवरच चिडून होती. मी तिचे पाय चेपत बसले. पावसाळा लागायच्या आत ती गेली.

माझी मुलगीही मे महिन्यातलीच. त्याच वर्षी एक जूनच्या आठ दिवस आधी तिला पाच पूर्ण झाली. मी तिला वर्षभर घरी ठेवलं. सासूबाई रुसल्या, शेजारणींनी पोरीत काही दोष आहे का असं आडून विचारलं, मी कमरेवर हात ठेवून एकेकीशी भांडले. पुढच्या जूनला शाळेत नेली तर कारकून पेन उचलून म्हणाला, दाखला नसला तरी चालेल, एक जून टाकतो. मी म्हटलं, चोवीस मे लिहा, सकाळी सव्वासहा. वेळ कशाला हवी, म्हणाला तो. मी म्हटलं, तरी लिहा.