उजव्या दंडाचा दोरा

आमचे हे बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा मी गावदेवीला नवस बोलले आणि त्यांच्या उजव्या दंडाला काळा दोरा बांधला. आमच्याकडे देवीचा दोरा असलेल्या दंडाला दुसरं काही आवळत नाहीत. त्यामुळे दर महिन्याला कळंबहून कर्जतला गेलो आणि डॉक्टरांनी प्रेशरचा पट्टा काढला, की मीच आधी ह्यांचा डावा हात पुढे करायची. तीन वर्षं पारा हवा तिथेच थांबला. डॉक्टर खूश, मीही देवीवर खूश.

पण ह्यांना धाप लागायला लागली. डोकं ठणकायचं. जेवताना माझा घास हातातच राहायचा, मी ह्यांच्या मानेवरची शीर उडताना बघत बसायची. भीती वाटायची हो, फार वाटायची. पण सांगणार कुणाला? प्रेशर तर झकास होतं ना!

ऐंशी-ब्याऐंशी सालचा सुमार असेल. कर्जतच्या डॉक्टरांनाही ती धाप पटेना, त्यांनी मुंबईला धाडलं. तिथे आवाजाच्या लहरींनी आतलं दाखवणारं यंत्र नवंच आलं होतं. ह्यांच्या छातीला, मानेला गार लेप लावून तिथले डॉक्टर कितीतरी वेळ बघत राहिले. मग कागदावर शिरा काढल्या, आकडेमोड केली. म्हणाले, डाव्या हाताकडे जाणारी शीर अरुंद झाली आहे, तिथे प्रेशर कमीच दिसणार. काळजाजवळ मात्र ते बरंच जास्त असावं.

"म्हंजे शेवटच्या खाचरात पाणी नाय, म्हणून आमी पाटालाच पाणी कमी समजलो," हे म्हणाले.

मी ह्यांच्या उजव्या दंडावरच्या दोऱ्याकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, हा गणिताने काढलेला अंदाज आहे, चुकूही शकतो. उजव्या दंडाला पट्टा लावला तर आत्ता कळेल. मीच उठले. गाठ सुटेना, शेवटी दोरा दातांनी तोडला. पारा चढला आणि चढतच राहिला. तीन वर्षं तो हात मीच मागे ठेवला होता.

गोळ्या सुरू झाल्या. काळीज ताणाने जाड झालं होतं, ते पुरतं पहिल्यासारखं होईल असं कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी तुटका दोरा खिशातून काढला.

"बांध की गं परत."

मी बांधला, डाव्या दंडाला. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला ह्यांचा उजवा हात मीच पुढे करते, आणि पारा खाली येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.