सारख्या पंखांची पिल्लं

शेजारी म्हणत, तिच्या हातात पिल्लू द्यावं आणि मागं वळून पाहू नये. काही जण म्हणत, तिला घाम येतो तोसुद्धा मोजून. गल्लीत तिचं नाव निवडबाई. अंडी उबवणी केंद्रात तिने सव्वीस वर्षं निवडीच्या टेबलापाशी उभं राहून काढली. एक दिवसाचं पिल्लू उचलायचं, बोटांनी पंख पसरायचा, मादी असेल तर खोक्यात, नर असेल तर डाव्या हाताच्या पिंपात. एका पिल्लाला तीन सेकंद. पिंपातल्या पिल्लांचं पुढे काय होई, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या परसात तिने पिसाचा तुकडाही येऊ दिला नव्हता.

सून शिलाईच्या दुकानात काजे करी. एका शर्टाला सात काजे, दिवसाला चाळीस शर्ट. नऊ वर्षांनंतर सुईचं नाक तिला दोन दिसू लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम सोडा, नाहीतर डोळे तुम्हाला सोडतील. घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा निवडबाई भाजी चिरत होती. विळी थांबली नाही.

"बसून खाणारं तोंड मला परवडत नाही."

"बसून नाही खाणार, आई. परसात कोंबड्या पाळीन. अंडी विकीन."

"सहा महिने देते. सहा महिन्यांत अंडं दाखव. नाहीतर सुई उचलायची, डोळे असतील तोवर."

निवडबाईचा मुलगा ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला. या घरात त्याचं मत नेहमी मोरीपाशीच संपे.

सुनेने कामाला लागताना कुठेही घाई केली नाही. कोणती जात घ्यावी, हे तिने चार ठिकाणी विचारलं. सुताराच्या बायकोने सांगितलं, गावठीच घे. काटक असते, उकिरड्यावर पोट भरते, खुडूक बसून स्वतःची पिल्लं स्वतः काढते. मात्र अंडी थोडी, आणि पहिलं अंडं सात-आठ महिन्यांनी. तिच्याकडे एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, पण ती पिल्लं तिच्या नणंदेला कबूल झालेली होती. खाटकाकडे गेली, तर तो हसला. "माझ्याकडे जात विचारता, वहिनी? इथे सगळ्यांची जात सालासकट निघते." मानेवर पिसं नसलेल्या कोंबड्या उन्हाला टिकतात, असं कोणी म्हणालं, त्यांची पिल्लं मात्र दोन आठवडे फिरूनही कुठे मिळाली नाहीत. उरली उबवणी केंद्राची पांढरी जात. ती खुडूक बसत नाही, जपावी लागते, पण पाचव्या महिन्यात अंड्यावर येते. मुदत सहा महिन्यांची होती, त्यामुळे निवड आपोआप झाली.

तरी धीर करून तिने सासूला विचारलंच. "आई, कोणती जात चांगली?"

"अंडं घालते ती."

पुन्हा तिने काही विचारलं नाही.

सायकलवरून पिल्लं विकणारा गुरुवारी सकाळी दारात आला. पेटीत साठेक पिल्लं, पिवळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी. "नर-मादी दोन्ही आहेत," तो म्हणाला, "निम्मी-निम्मी धरा." सुनेने हिशेब केला: बारा घेतली तर सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या माद्या, हाती लागतील. ती उकिडवी बसली आणि एकेक पिल्लू उजेडात धरून पाहू लागली.

जिची नऊ वर्षं दोन काजांमधलं अंतर सारखं राखण्यात गेली, तिची नजर जिथे जायची तिथेच गेली. काही पिल्लांच्या पंखांची पिसं एक लांब, एक आखूड अशी होती. कोणी ओढल्यासारखी, अर्धवट. काहींची मात्र कात्रीने कापल्यासारखी एका ओळीत. आखूड-लांब पिसांचं पिल्लू हाती आलं की ती ते रोगट समजून परत पेटीत ठेवी. पिल्लंवाल्याने एकदा तोंड उघडलं आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या निवडबाईकडे पाहिलं. ती गप्प होती. तोही गप्प राहिला.

बारावं पिल्लू सुनेने सासूपुढे धरलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघा आई, सगळ्यांचे पंख कसे एकसारखे!"

निवडबाईने पाहिलं. "हो," ती म्हणाली, "एकसारखे आहेत."

पुढचे अडीच महिने सुनेने त्या पिल्लांसाठी जिवाचं रान केलं. खोक्यात दिवा लावला, पाणी उकळून गार करून ठेवलं, कण्या चाळून घातल्या. मांजर येतं म्हणून खुराड्याला दुहेरी जाळी मारली. एकही पिल्लू दगावलं नाही. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "हाताला गुण आहे हो तुमच्या सुनेच्या!" निवडबाईने मान डोलावली. "बाराच्या बारा जगवली," ती म्हणाली, आणि त्या दिवशी सुनेला प्रथमच चहा आयता मिळाला.

सातव्या आठवड्यात तुरे लाल झाले. सूनबाईला वाटलं, खुराक लागू पडतोय. दहाव्या आठवड्यात एका सकाळी परसातून घोगरी, चिरकी बांग आली. मग दुसरी. सून धावत गेली. निवडबाई पाठोपाठ आली, खुराड्यात वाकली आणि एकेकाला पायाला धरून उचलत गेली. "नर. नर. हाही नर." तीन सेकंदांच्या वर एकालाही लागले नाहीत. सहा एका हातात, सहा दुसऱ्या हातात, डोकी खाली लोंबत. खाटकाने ते तोलून पाहिले. "या जातीच्या नराला मांस नसतं, मावशी. रस्सासुद्धा रागावेल."

उरलेल्या मुदतीत नवी पिल्लं अंड्यावर येणं शक्य नव्हतं. सोमवारी सून दुकानात परतली. मालकाने तिला काळ्या कापडाचा गठ्ठा दिला, काळ्या दोऱ्यासह.

महिन्याभराने रस्त्यात पिल्लंवाला भेटला. तिने तक्रार केली, तेव्हा त्याने पेटीतलं एक पिल्लू काढून पंख पसरून दाखवला. "आखूड-लांब पिसं ती मादी, ताई. सारखी असतील तो नर. पहिल्या एक-दोन दिवसांतच कळतं. तुम्ही डोळे मिटून उचलली असती तरी निम्म्या माद्या आल्या असत्या. मला हे तुमच्या सासूबाईंनीच शिकवलं. आम्ही एकाच टेबलावर होतो."

ती घरी आली तेव्हा शेजारीण ओट्यावर बसली होती आणि निवडबाई तांदूळ पाखडत होती. सुनेने चप्पलही काढली नाही.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या पिल्लालाच."

"आणि बारा होईपर्यंत तुम्ही नुसत्या बघत राहिलात?"

शेजारणीने पदर तोंडाला लावला. "अहो, एक शब्द टाकायचा होता! पोरीचे डोळे जाताहेत."

निवडबाईने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला आणि मान वर न करता म्हणाली, "नर-मादी सांगायचं काम मी सव्वीस वर्षं पगार घेऊन केलं. घरात फुकट का करू?"