मिनूची ढोली आणि माझं धान

माझ्या मुलीला शांत बसायला घरात एकच जागा होती आणि मी ती धानाने भरून टाकली. चूक सर्वस्वी माझी. (धानाची बाजू घेणारं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतंच.)

मिनू तेव्हा आठ वर्षांची. ती स्वमग्न आहे. माणसं वाढली, आवाज वाढले की तिला सगळं असह्य होतं. मग किंचाळणं, स्वतःचाच हात चावणं. तिच्यावर उपचार करणाऱ्या नागपूरच्या मॅडमनी तिला रंग शिकवले. बरं वाटतंय तर हिरवं, बिनसायला लागलं की पिवळं, आणि सहनच होईना तेव्हा लाल. लाल व्हायच्या आत जाऊन बसायला तिची हक्काची जागा हवी, असंही सांगितलं. जागा मिनूनेच निवडली: धान साठवायची ढोली. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, तिच्या डोक्याएवढी उंच कोठी. "पिवळं," म्हणायची, स्टुलावर चढून आत उतरायची आणि थोड्या वेळाने आतूनच सांगायची, "हिरवं!" एवढं जमायला आम्हाला वर्ष लागलं. बिघडवायला मला एक सकाळ पुरली.

दिवाळीनंतर आमच्या गावात, अड्याळात, मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा: घरोघर पाहुणे आणि मटणाचा रस्सा. माझे सासरे गोंदियाकडचे. त्यांचा जिल्हा आमच्यापासून वेगळा झाल्यापासून ते परदेशातून आल्यासारखा मान घेतात. त्यांना जावयाची ढोली रिकामी दिसणार? मी नवं धान आणून ती काठोकाठ भरली.

"ते पोरीची जागा हाय ना जी!" माझी बायको सुषमा म्हणाली.

"दोन दिवसाची गोष्ट हाये. मी समजावून सांगतो तिले."

सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, टाळलं.

दुपारी पंगत बसली. बाहेर भोंगे, आत पाहुण्यांचा गलका. "पिवळं," मिनू म्हणाली. (मला केवढा अभिमान वाटला!) ती स्टुलावर चढली. आत पाहिलं. हाताने धान दाबून पाहिलं. आणि मग घरात लाल झालं.

"काहून रडून राहिली जी पोरगी?" सासरे.

"लाड लय झाले!" मावससासूबाई.

"शांत हो! मिनू, शांत हो!" ही गर्जना माझी. मॅडमनी जे जे करू नका म्हटलं होतं, ते सगळं मी करून दाखवलं. ओरडलो, हात धरला, बिस्कीट नाचवलं. तिने हात चावला. आधी स्वतःचा, मग माझा.

तेव्हा मला अक्कल सुचली. ढोलीच्या तळाशी धान काढायचं भोक असतं, त्यात चिंध्यांचा बोळा. मी बोळा उपसला. धान सुटलं ते थेट पंगतीत! पत्रावळींखाली, रश्श्यात, सासऱ्यांच्या मांडीखाली.

"जावईबापू, बंद करा जी ते!" सासरे ओरडले.

"बंद नाही कराचं, मामाजी! रिकामी कराची हाये!"

ढीग साचला की धार थांबायची, म्हणून कुत्रं माती उकरतं तसं मी दोन्ही हातांनी धान मागे फेकत होतो. सुषमा वरून टोपल्या भरत होती. शेवटी सासऱ्यांनीही ताट बाजूला सारून सूप धरलं. तोवर मिनूचा घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता, तोंड मात्र उघडंच. ते मला अजून दिसतं.

ढोली रिकामी होताच ती आत उतरली. मी स्टुलावर चढलो, ढोलीत डोकं घातलं आणि अगदी काळजापासून म्हणालो, "मिनू, माझं चुकलं!"

रिकामी ढोली ती! माफी अशी घुमली की आतून पुन्हा हुंदके सुरू झाले.

"भोंगे कमी होते का जी बाहेर?" सुषमा म्हणाली.

मग सगळ्या पाहुण्यांदेखत मी धानात पालथा पडलो, खालच्या भोकाला तोंड लावलं आणि कुजबुजलो, "चुकलं माझं. तुझी जागा तुले न विचारता घेतली. आता नाही घेणार."

मग भोकातून दोन बोटं बाहेर आली.

"बाबा लाल," घोगरा आवाज आला. "बोळा दे."

मी दिला. तिने तो आतून घट्ट बसवून घेतला.