साहेबांच्या गवताचं यंत्र

परवा दुकानात जुन्या फवारणी पंपाचे ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासत होतो. तो जळका वास नाकात शिरला अन् आष्टीतला एक दुष्काळी उन्हाळा आठवला. डोकं आजही तापतं.

एका बड्या साहेबांनी बंगल्यावर गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायला बोलावलं होतं. इंजिन जुनं. दोरी ओढून ओढून शिपाई घामाघूम झाला होता, पण ठिणगीच पडत नव्हती. मी मॅग्नेटचं चाक काढलं, काजळलेले पॉइंट घासले, मधे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. चाक परत बसवून, प्लग इंजिनाला टेकवून दोरी ओढली, तशी चट्कन निळी ठिणगी पडली.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, जादू आहे तुमच्या हातात."

मी लई फुगलो. बंगल्यापुढच्या गवतात पाण्याचा पाइप सकाळपासून वाहत होता. डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात काही शिरलं नाही.

घरी आलो तेव्हा बायको टँकरच्या रांगेत दुपारभर तापून दोन हंडे घेऊन नुकतीच आली होती. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं.

"आवो, एवढा चिखल कुठला आणला तुमी?"

"साहेबांच्या गवतातला."

"गवताला पाणी हाय?"

माणसं घोटभर पाण्याला महाग अन् गवताला पाइप! साहेबांचा राग येतोच. पण माझा जास्त येतो. कारण तिच्या त्या प्रश्नावर मी पाय पुढं करून म्हणालो होतो, "आधी तांब्याभर पाणी वत पायावर."