रंग लावून देणाऱ्या विजूताई

विजूताई आधी हनुवटी धरत, मग बोलत. समोर शेजारीण असो, शाळेतून येणारी पोर असो, नाहीतर गणपतीच्या नाटकात राजा होणारे पोस्टातले काका असोत. हनुवटी दोन बोटांत धरायची, चेहरा उजेडाकडे वळवायचा, डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "हं. आता बोल."

काशीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक होतं. मी लग्न होऊन दूधविनायक मोहल्ल्यात आले, तेव्हाही त्या नाटकाची रंगभूषा विजूताईंकडेच होती. त्यांचं घर बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, गच्ची थेट गंगेवर. यजमान पाठशाळेत शिकवत. मुलगा इंदूरला नोकरीला. यजमान गेल्यावर घरात त्या एकट्या आणि पत्र्याची एक पेटी. तिच्यात स्पंज, ब्रश आणि रंगांच्या कांड्या, सगळं मलमलच्या फडक्यांत गुंडाळलेलं. ती शिस्त पाहूनच मला त्या आवडल्या होत्या. मी स्वतः कामांच्या याद्या करून जगणारी बाई. बँकेतली यादी वेगळी, घरची वेगळी, सणांची वेगळी. नटण्यामुरडण्याला कुठल्याच यादीत जागा नव्हती. पावडर, टिकली, की निघाले.

पन्नाशी ओलांडली आणि ओठांच्या कडेला पांढरा डाग आला. मग हनुवटीवर, डोळ्याखाली, बोटांवर. त्वचेच्या डॉक्टरांनी नीट समजावलं: हा रोग लागत नाही, औषध लांबतं, धीर धरा. पण आमच्या गावातल्या भिंतींवर हकिमांच्या जाहिरातींत 'सफेद दाग' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं आणि लोक डॉक्टरांपेक्षा भिंती जास्त वाचतात. बँकेत एका गृहस्थांना सही करायला मी पेन पुढे केलं. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, गोड हसले आणि खिशातून स्वतःचं काढलं. नवरा म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." ते खरंच होतं, पण काउंटरवर त्याला बसायचं नव्हतं.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढून चालायला लागले. भाजीवाल्यासमोर विजूताईंनी तो बाजूला केला आणि हनुवटी धरली.

"किती दिवस झाले?"

"झाले काही महिने."

"आणि मला आज दिसतंय! उद्या सकाळी गच्चीवर ये. चेहरा धुऊन ये, क्रीम-बिम काही फासू नकोस."

त्या थंडीत मी रोज बँकेआधी त्यांच्या गच्चीवर जात होते. समोर पलीकडच्या वाळूवर सूर्य वर यायचा आणि उजेड सरळ तोंडावर. विजूताई मनगटावर दोन कांड्यांचा रंग घासून माझ्या वर्णाचा रंग जुळवायच्या. "पोछू नकोस गं, थोपट. चेहरा आहे, फरशी नाही." माझा हात भरभर चालायचा, कारण पुढची कामं डोक्यात असायची. त्या मनगट पकडून म्हणायच्या, "रंग थोडा, सब्र जास्त. तुझं उलटं आहे."

पहिल्यांदा मी एकटीनं घरी रंग लावला तो आमच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली. आमच्या गल्लीत ऊन शिरत नाही. मला वाटलं, झकास जमलंय. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आले आणि पानवाल्याच्या आरशात पाहिलं तर चेहरा गाजराच्या हलव्यासारखा. तशीच उलटी फिरले आणि विजूताईंकडे गेले. त्या पायरीवर बसून हसल्या. "अगं, गल्लीतल्या सगळ्या पोरी हीच चूक करतात! आधी उजेड बघायचा, मग आरसा. रंग चेहऱ्याला लावायचा नसतो, उजेडाला लावायचा असतो."

डाग झाकणं जमल्यावर मी पुरे म्हटलं. त्या ऐकेनात. काजळ, भुवया, ओठांना लाली, सगळं एकेक शिकवलं. मी म्हटलं, "या वयात लाली? लोक काय म्हणतील?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "नुसतं झाकून उठलीस तर पेशंट. नटून उठलीस तर बाई. काय होऊन बँकेत जायचंय, ठरव." मी लाली लावून गेले. हाताखालच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आज काही खास?" त्या संध्याकाळी घरी आल्यावर चेहरा धुवायला मन होईना. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या तोंडाकडे कधी निवांत पाहिलंच नव्हतं. ते मला विजूताईंनी दाखवलं. हे मी आजही नाकारत नाही.

त्यांनीच माझ्या मुलीसाठी, मुक्तासाठी, स्थळ आणलं. ग्वाल्हेरच्या त्यांच्या चुलतबहिणीचा, पद्माताईंचा मुलगा. मुक्ता आणि तो फोनवर बोलू लागले. मुक्ता एरवी एका शब्दात उत्तर देणारी, पण ती फोन घेऊन गच्चीवर जायला लागली तेव्हा मी समजले. तिला मुलगा आवडला होता.

मी विजूताईंना स्पष्ट विचारलं, "माझ्या डागांचं त्यांना कळायला हवं ना?"

"हवंच तर."

"ते येतील तेव्हा आधी मुलांना भेटू दे. मग मी पद्माताईंना बाजूला घेऊन स्वतः सांगेन."

"तूच सांग. तुझं तोंड, तुझी बात. मी मधे पडणार नाही."

ती मंडळी आली त्या दिवशी विजूताई सकाळीच आमच्याकडे हजर. मी म्हटलं, "आज लावतच नाही. सरळ दिसू दे." त्या रागावल्या. "पाहुण्यांसमोर अशी बसणार? मुलीचा दिवस आहे. बस इथं." पेटी उघडली आणि स्वतःच्या हातानं माझा चेहरा रंगवला. इतका सुंदर त्यांनी तो आधी कधी रंगवला नव्हता. मुक्ता म्हणाली, "आई, बघायला ते मला येतायत की तुला?" आम्ही तिघीही हसलो.

पद्माताई आल्या, बसल्या, मलइयोचा गोड दुधी फेस चाखून छान म्हणाल्या. मुलं गच्चीवर जाऊन बोलून आली. आता पद्माताईंना आत बोलवावं म्हणून मी उठणार, तोच त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "सुनंदाताई, राग मानू नका. जरा चेहरा धुऊन येता का? विजूनं फोनवर सांगितलंय सगळं. मुलीला अजून काही नाही म्हणाली. पण आपलं एकदा बघितलेलं बरं."

त्या 'अजून'नं मुक्तानं मान खाली घातली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी विजूताईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक नीट करत होत्या.

मी मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. मागून विजूताई आल्या, हातात खोबरेल तेलाची बाटली. "पाण्यानं नाही निघायचं ते. ओघळ येतील. थांब." आणि माझ्या चेहऱ्यावर तेल लावून मऊ फडक्यानं रंग उतरवू लागल्या. इतक्या हळुवार, की मला ओरडताही येईना.

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. मागाहून कळलं असतं तर पद्मा म्हणाली असती, विजूनं फसवलं. माझं माहेर आहे गं ते. तेवढंच उरलंय."

"मी सांगणारच होते. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत, की त्यांना कळलंय? आणि हा रंग? त्यांना माहीत असताना?"

"तू चांगली दिसावीस म्हणून," त्या म्हणाल्या आणि डोळ्याखालचा रंग पुसायला लागल्या. खोटं बोलत नव्हत्या. त्याचाच मला आजही राग आहे.

मी तशीच बाहेर गेले आणि चहा दिला. पद्माताईंनी माझ्या हातून कप घेतला, पण तोंडाला न लावता खाली ठेवला. मुक्तानं तो उचलला आणि शांतपणे पिऊन टाकला. मग मी जे बोलणार होते ते सगळ्यांसमोर बोलले: कधी सुरू झालं, डॉक्टर काय म्हणाले, आणि लपवायचं काही नव्हतं. पण ताज्या पुसलेल्या चेहऱ्यानं बोललेलं खरंसुद्धा पकडलेल्या चोरासारखं वाटतं. माझं वाक्य माझ्याआधी कुणीतरी बोलून गेलं होतं. "कळवतो," म्हणून ती मंडळी उठली. पुढे पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला, तोही विजूताईंमार्फत.

मी मुक्ताची क्षमा मागायला गेले तर ती म्हणाली, "तो खिडकीबाहेर बघत बसला ना, आई, तेवढं मला पुरे आहे." पण गच्चीवर फोन घेऊन जाणं संपलं. उन्हाळ्यात तिनं हैदराबादची नोकरी धरली. घर रिकामं झालं.

विजूताईंशी मी भांडले नाही. जाणं बंद केलं. गल्लीत भेटल्या की त्या हात वर करायच्या, तो माझ्या हनुवटीपर्यंत यायचा, आणि माझा चेहरा बघून खाली जायचा. नाटकाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "विजूताईंना मदतीला जा ना, तुला येतं." मी नैवेद्याचं काम मागून घेतलं.

यंदा त्यांचा मुलगा त्यांना इंदूरला न्यायला आला. निघण्याच्या आदल्या सकाळी त्या आमच्याकडे आल्या. मी खिडकीशी आरसा लावून बसले होते. बँकेची वेळ होत होती.

"शेवटचं एकदा लावून देऊ?"

"नको. मला येतं."

"बरं," म्हणून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मी लावत राहिले आणि त्या बघत राहिल्या. मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. 'चुकलं गं' एवढं त्या म्हणाल्या असत्या, तर माझ्या हातातला स्पंज तिथंच पडला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी मुद्दाम सावकाश लावलं. इतका सब्र मी कधी दाखवला नव्हता. ओठांची लाली झाली, टिकली झाली. मी आरसा उलटा ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी डोळे बारीक केले. त्यांचे ओठ हलले.

"डावा कान राहिला," त्या म्हणाल्या.

कानाच्या पाळीवर नवा डाग आला होता. तो राहिला होता हे खरं. मी पर्स उचलली, दाराला कुलूप लावलं, त्यांना पायऱ्यांवरून हाताला धरून खाली नेलं, नमस्कार केला आणि कान तसाच ठेवून बँकेत गेले.