पायाला आलेली जाग

आमच्या भागात कुणाला जिव्हारी लागेल असा शाप द्यायचा तर ‘किडे पडतील’ म्हणतात. माझं पोट त्याच किड्यांवर चालतं. जनावरांच्या जखमेतल्या अळ्या गोळा करायच्या आणि त्यांची गुणसूत्रं तपासायची, हे माझं काम. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं तर मी ‘शिकवते’ म्हणून मोकळी होते.

जखमेवर दोन तऱ्हांच्या माश्या येतात. एकीच्या अळ्या सडलेलं मांस खातात. दुसरीच्या अळ्या जिवंत मांस खात आत आत जातात. कोवळ्या असताना दोन्ही सारख्याच दिसतात. मग अळीच्या मेंदूची बारीक गाठ काढायची, रंगात बुडवायची, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायची. पेशी फुटून गुणसूत्रं पसरली की त्यांतल्या एका जोडीवरून जात ओळखू येते. कुठल्या खोऱ्यातली माशी कुठलीशी जुळते हे कळलं, तरच तिचा बंदोबस्त कसा करायचा ते ठरतं.

गेल्या दिवाळीनंतर कळंबच्या पुढच्या एका वाडीवर गेले. रिसॉर्टच्या तारेच्या कुंपणात अडकून तिथल्या एका गाभण गायीची मान फाटली होती. घरातल्या वहिनींनी जखमेत सीताफळाचा वाटलेला पाला भरला होता. गाय व्यायला आलेली, म्हणून त्यांचे सासरे तिच्याशेजारीच गोठ्यात झोपत. म्हाताऱ्यांना साखरेचा आजार. तळव्याला जुनी जखम, पण पाय बधिर, त्यामुळे दुखणं नाही. दिवसा ते जखमेवरचं फडकं सोडून पाय उन्हात पसरून बसत. माशीला जनावराची जखम काय नि माणसाची काय, सारखीच.

मी जखमेत उरलेल्या अळ्या बाटलीत घेतल्या. वहिनी खुशीत म्हणाल्या, “पाला भरला तं किडे भराभरा खाली पडले.”

“मग?”

“मग काय? मातीत गेले. मेले.”

मला राग आवरेना. पोट भरलेली अळी आपणहून जखम सोडते, मातीत शिरून कोश करते आणि माशी होऊन वर येते. पाल्याने मेल्या असतील त्या कोवळ्या. मी सांगितलं, गोठ्यातली वरची माती खणून जाळा.

म्हातारे हसले. “कालच सारवलंय गं पोरी. गाय व्यायला आली की गोठ्यात कुदळ लावत नाय आमी.”

मी भांडले. निदान ओटीवर झोपा, फडकं सोडू नका, पाय दवाखान्यात दाखवा. लहान पोराचं ऐकावं तशी त्यांनी मान हलवली.

खालापूरला माझ्या खोलीवर आले. पहिली काच वाया गेली. अंगठा जरा सरकला तरी सगळं पुसलं जातं, आणि त्या दिवशी हात रागात होता. दुसरी काच नीट उतरली. सडकं खाणारी निघावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते. जिवंत मांस खाणारीच निघाली.

लगेच फोन केला. वहिनी म्हणाल्या, “मी बांधते, ते सोडतात. वारा लागला का बरं वाटतं म्हणतात. गाय व्याली का नेतो दवाखान्यात.” त्यानंतर रोज फोन केला. शेवटी शेवटी त्यांनी उचलणं बंद केलं. मातीतून माशी कधी वर येते हे मला पाठ आहे. ते दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

अखेर न राहवून गेले. गाय व्याली होती, कालवड ठणठणीत होती, गायीची मान भरून आली होती. वहिनींनी माझ्यासाठी खरवस ठेवला होता. फोन न उचलल्याबद्दल त्या जरा ओशाळल्या होत्या. दवाखान्याचं राहूनच गेलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, आपण फारच बाऊ केला.

म्हातारे गोठ्याच्या दारात बसले होते. पायाला फडकं होतं. आपलं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं.

“तू उगाच घाबरवलंस गं,” ते म्हणाले. “औषिद नाय नि काय नाय, पायाला जाग आली बघ. इतकी वर्सं दगूड झाला होता. आधी अंगठ्यापाशी सळसळायचं, आता पार घोट्यापत्तूर चढलंय.”

मी खूश होईन म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. फडक्याचा वास आता माझ्यापर्यंत येत होता. मी खरवसाची ताटली खाली ठेवली, वहिनींना गाडी बोलवायला सांगितलं आणि फडकं सोडायला बसले.